सहा हजार दोनशे तेरावी नोंद

मयताचं नाव रातभर उभं ठेवायचं न्हाई.

साताऱ्याच्या 'दैनिक पहाटवारा'त कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगितलं जायचं. का, असं विचारायचं नाही, हेही त्यातच आलं.

खिळ्यांचा छापखाना होता तेव्हाची ही रीत. निधनाची बातमी आली की जुळारी एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ती जुळवणार, पान छापून होणार, आणि दिवा मालवण्याआधी ती बातमी ओळनओळ मोडून खिळे आपापल्या घरात परत टाकणार. बाजारभावाचा तक्ता आठ-आठ दिवस तसाच उभा राहिला तरी कुणी हूं की चूं करत नसे. मयत मात्र त्याच रात्री मोडायचं. एक्क्याण्णव साली ऑफसेट छपाई आली, खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेट्या, मागच्या खोलीत धूळ खात पडल्या, तरी रीत हलली नाही. जुने जुळारी कोंडीबातात्या आता नुसते दारावर बसत, पण रोज रात्री कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावून विचारत, "मयत मोडलं का गं पोरींनो?" आणि पोरी निधनवार्तांची फाइल बंद करून "मोडलं, तात्या" म्हणत.

अपेक्षा लवटे म्हणत नसे.

"तात्या, फाइल बंद केली म्हणजे मोडत नाही. ती डिस्कवर असतेच. सगळी मयतं या डब्यात निजलेली असतात, आणि मी त्यांच्या उशाशी बसून भाकरी खाते."

"जीभ लय चालती तुजी," तात्या म्हणत आणि बंडीच्या खिशात विडी चाचपत बाहेर जात.

बावीस वर्षांची पोर. बीएस्सी झालेली, सांगलीला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. का, हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर कायम उभा. आणि आता मालकांनी तिच्याकडं जे काम दिलं होतं, ते त्या रीतीच्या अगदी उरावर बसणारं होतं.

'पहाटवारा'ची वेबसाइट दसऱ्याला सुरू व्हायची होती. मालक आप्पासाहेब सत्तरीचे, पण डोकं पुढचं. मुंबईत, दुबईत, फौजेत असलेल्या आपल्या माणसांना गावाकडचं काय वाचायचं असतं, तर कोण गेलं ते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून त्र्याहत्तरच्या जानेवारीपासूनची प्रत्येक निधनवार्ता वेबसाइटवर घालायची ठरली. अपेक्षानं आणि तिच्या मैत्रिणीनं, प्रियंकानं, पाच महिने मान मोडून त्या टाइप केल्या. सहा हजार दोनशे बारा. मजकूर एका जागी साठवायचा आणि पानं आपोआप तयार व्हायची, अशी ती व्यवस्था. राहिलं होतं शेवटचं काम : शोधाचा सर्व्हर. नाव टाकलं, गाव टाकलं, की सहा हजारांतून नेमका माणूस समोर यायला हवा. शोधात मराठी अक्षरं चालत नव्हती, म्हणून तिनं प्रत्येक नाव इंग्रजी अक्षरांतही टाकून ठेवलं होतं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स ही प्रणाली चढवली, त्यावर शोधाचा प्रोग्रॅम बसवला. तो एकेक पान वाचत जाणार आणि सगळ्या नावांची सूची बांधणार. त्या सूचीत शोध लागणार.

शुक्रवार, आठ ऑक्टोबर एकोणीसशे नव्व्याण्णव. त्या रात्री सूची बांधायची ठरली. दिवसा पेपरच्या कामात मशिन मोकळं मिळत नसे. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. सकाळच्या एसटीनं तिचा बाप, ज्योतिबा, आटपाडीच्या बाजूच्या हिवरकड्याहून यायचा होता, तिला घरी म्हाळाला न्यायला.

म्हाळाचं नाव काढलं की अपेक्षाच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. घरात गेलेल्या प्रत्येकाचं पान वाढलं जाई. आजा बिरदेवाचं, चुलत्याचं, तापात गेलेल्या तान्ह्या पोराचंसुद्धा. एकीचं वाढत नसत. आत्याचं. बापाच्या थोरल्या बहिणीचं. कारण ती मेली नव्हती. ती दुष्काळात, एकोणीस वर्षांची असताना, तलावाच्या कामावरून कुणाबरोबर तरी पळून गेली होती. तिचं नाव घरात कुणी घेत नसे. आजी हरणाबाई तेवढी चुलीपुढं बसून तिला शिव्या घाली, आणि सव्वीस वर्षं रोज रात्री दाराला आतून कडी लावायची मात्र विसरे.

त्या आत्याचा काच अपेक्षानं जन्मभर सोसला होता. आरशात जरा जास्त वेळ बघितलं की, "आत्याच्या वाटंनं जाशील." बारावीनंतर एक वर्ष बापानं घरात बसवलं, ते त्याच भीतीनं. सातारला पाठवलं तेही कोंडीबातात्यांनी शब्द टाकला म्हणून. तात्या शेजारच्याच गावचे. "पोर माज्या नजरंखाली ऱ्हाईल," असं त्यांनी स्वतः हिवरकड्याला येऊन सांगितलं होतं. ते एवढे कष्ट का घेतात, हा प्रश्न तेवढा अपेक्षानं कधी विचारला नव्हता.

*

संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. मेणबत्तीभोवती तिघं : अपेक्षा, प्रियंका आणि तात्या.

"तात्या, आज सांगाच," प्रियंका म्हणाली. "मयत उभं ठेवलं तर काय होतं?"

"अमुशाच्या तोंडावर नगं."

"घाबरता?" अपेक्षानं डिवचलं.

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. नेहमीसारखं नाही. कुणीतरी दुसरंच तिच्या चेहऱ्यात शोधावं, तसं.

"माज्या वळखीचा एक जुळारी हुता," ते म्हणाले. "नाव न्हाई सांगत. त्र्याहात्तरचा दुस्काळ. मार्च म्हैना, शनवार. सांजंचं एक पोरगं आलं ट्रकात बसून. धा गावची धूळ अंगावर. हातात वहीचा कागद. म्हनलं, भैन मेलीया, छापा. तलावाच्या कामावर भराव ढासळला. जुळाऱ्यानं जुळवलं. अकरा वळी झाल्या. पोरगं कागद दिऊन गेलं, आन् रातच्याला नवाला मालकाला फोन आला. मालक म्हनला, ती बातमी काढ."

"का?"

"मालकाला का म्हनून इचारत्यात व्हय?"

"मी विचारलं असतं."

"तू इचारलं असतंस," तात्या म्हणाले. "त्यानं न्हाई इचारलं. पानातनं उचलली. दुसरं भरायला मजकूर न्हवता, टाइम न्हवता. तेवढी जागा कोरीच गेली. पर त्या गड्याला ती मोडवंना. अकरा वळी तशाच उभ्या ठिवल्या, आन् तितंच हातरी टाकून निजला. रात्री अडीच वाजता…"

मेणबत्ती फरफरली.

"…टिक. खिळा स्टिकमदी, जुळवायच्या पट्टीत, पडल्यावानी. जरा थांबून… टिक. त्यो वळखीचा आवाज. तीस वर्सं त्योच ऐकून कान घडलेलं. कुनीतरी जुळवतंय. त्यानं काडी वढली. कुनी न्हाई. काडी इजली, की… टिक."

प्रियंकानं अपेक्षाचा दंड धरला.

"सकाळी बघितलं. अकराच्या बारा वळी झाल्या हुत्या."

"बारावीत काय होतं?"

तात्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, खिळ्याची खाच चाचपावी तसा. "त्यानं त्या तवाच्या तवा मोडल्या. तवापास्नं ही रीत."

"म्हणजे ही रीत पूर्वापारची नाही?" अपेक्षा ताडकन म्हणाली. "एका रात्रीची आहे? आणि सव्वीस वर्षं तुम्ही आम्हाला…"

लाइट आली. तात्या उठून गेले.

*

साडेआठला प्रियंका खोलीवर गेली. दहाला पेपर छपाईला गेला आणि मशिनवाली माणसं गावाबाहेरच्या छपाईच्या शेडकडं निघून गेली. कचेरीत उरले अपेक्षा आणि दारातल्या बाजेवर तात्या. दहा चाळीसला तिनं सूची बांधायला सुरुवात केली. डिस्क कुरकुरू लागली. तिनं घरून आलेली शेंगाचटणी आणि भाकरी खाल्ली, पडद्यावरचा आकडा चढताना बघितला. तिला त्या आवाजाचं एक वेगळंच सुख होतं. हे मशिन कुणाला घाबरत नाही, कुणाचं ऐकून गप्प बसत नाही. जे आहे ते वाचतं, आणि विचारलं की सांगतं.

साडेअकराला आकडा थांबला. ६,२१३.

तिनं कपाळाला आठी घातली. नोंदी सहा हजार दोनशे बारा. एक जास्त कुठून आली? एखादी दोनदा मोजली गेली असेल. बघू. आधी शोध चालतो का ते बघू म्हणून तिनं कुणीही टाइप करील तेच टाइप केलं. आपलं आडनाव. लवटे.

एक नाव यायला हवं होतं, आजाचं. अठ्ठ्याऐंशी सालचं.

दोन आली.

बिरदेव सिदू लवटे, हिवरकडा.
कु. रंगू बिरदेव लवटे.

तिनं दुसऱ्यावर क्लिक केलं. पान उघडलं. त्यावर एवढंच. नाव. बाकी पांढरं.

आधी तिला राग आला. भीती नंतरची. कुणी केली ही थट्टा? आजीच्या शिव्यांतच ऐकलेलं आत्याचं हे नाव साताऱ्यात कुणाला ठाऊक? तिनं साठवणीत बघितलं. सहा हजार दोनशे बारा पानं. रंगू लवटे नावाचं पान नव्हतंच. सूचीत नोंद होती, मागं पान नव्हतं. असं होत नाही. सर्व्हर स्वतः काही लिहीत नाही. तो फक्त वाचतो.

तिनं अख्खी सूची पुसली. पहिल्यापासून बांधायला लावली, आणि तरातरा दाराकडं गेली.

"तात्या. माझ्या आत्याचं नाव तुम्ही कुणाला सांगितलंत?"

तात्या बाजेवर उठून बसले. "कुनाचं?"

"रंगूचं. ते मशिनमध्ये कुणी घातलं?"

रस्त्यावरच्या दिव्यात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसला. "मोडलंस का?"

"काय?"

"नाव. मोडलंस का ते? पोरी, आत्ताच्या आत्ता मोड."

"मोडलं," ती चिडून म्हणाली. "सगळं पुसलं. आता काय आरती करू?"

पण परत खुर्चीत बसली तेव्हा तिनं तळवे ओढणीला पुसले.

बारा पंचवीस. सूची पूर्ण. ६,२१३.

तेच नाव. आता त्याखाली आणखी तीन ओळी.

वय १९, मु. हिवरकडा,
तलावाच्या कामावर असताना
भराव अंगावर ढासळून…

मार्च. शनिवार. तलाव. भराव. तात्यांची मेणबत्तीपुढची गोष्ट तिच्या डोक्यात कडीला कडी लागत जुळत गेली. ती हसण्याचा प्रयत्न करू लागली. म्हातारा बेरकी आहे, तिनं स्वतःला सांगितलं, आधी गोष्ट पेरली आणि मग… पण म्हाताऱ्याला माऊस धरता येत नव्हता.

तिनं पुन्हा पुसलं. पुन्हा लावलं.

या वेळी ती बसून राहिली नाही. कपाटातून त्र्याहत्तरचा बांधीव गठ्ठा काढला. ते साल प्रियंकानं टाइप केलं होतं, अपेक्षानं ते उघडूनही बघितलं नव्हतं. मार्चचा पहिलाच रविवार, चार तारीख. पान चार. दुसरा कॉलम. खाली, तळाशी, चारेक बोटं कोरी जागा. पिवळ्या पडलेल्या कागदावर शेताच्या कडेला राहिलेल्या पडीक तुकड्यासारखी. तिनं त्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. काहीच नाही.

आणि तेव्हाच मागच्या खोलीतून…

टिक.

तिनं दाराकडं बघितलं. तात्या बाजेवर होते. दोन्ही हात कानांवर.

टिक.

"उंदीर आहेत," ती मोठ्यानं म्हणाली.

अपेक्षा लवटे भित्री नव्हती. तिनं टॉर्च घेतली आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. केसेस रांगेत. घरांवर आठ वर्षांची धूळ, जशीच्या तशी. कोपऱ्यात जुनं पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल मशिन, पोतं पांघरलेलं. आवाज थांबला होता. टॉर्च फिरली. कुणी नाही. वास मात्र होता… शाईचा नाही. ओल्या मातीचा.

ऑक्टोबरात, कोरड्या खोलीत, नुकत्या खणलेल्या मातीचा.

ती मागं सरली. दार ओढलं.

टिक.

एक वीस. ६,२१३.

आता अकरा ओळी. तिनं एकेक वाचली. दिवस, शुक्रवार, दोन मार्च. वेळ, दुपारी चार. देह भरावाखालून काढता आला नाही. आणि अकरावी, शेवटची :

शोकाकुल, धाकटा भाऊ ज्योतिबा.

ज्योतिबा…

धा गावची धूळ अंगावर. हातात वहीचा कागद. तेव्हा बाप पंधरा वर्षांचा होता.

तिचं बोट पुसण्याच्या कळीवर होतं. एक कळ. पुसलं की झालं. पाणी पिऊन झोपायचं. सकाळी बापाबरोबर म्हाळाला जायचं, पानं वाढायची, एक नाही वाढायचं.

"मोडलंस का?" दारातून तात्यांचा आवाज आला. अगदी बारीक.

तिनं कळ दाबली. सूची पुसली गेली. का दाबली, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित बारावी ओळ बघायची होती म्हणून.

पुन्हा लावली.

डिस्क कुरकुरत राहिली. टिक… टिक… आता लपवाछपवी नव्हती. दाराआड, सावकाश, एखाद्या न शिकलेल्या हातानं खिळे ओळखत-ओळखत लावावेत तसं. एक. थांबून. दुसरा. परत पहिला काढून ठेवल्यासारखं. पुन्हा.

अपेक्षानं पाय वर घेतले.

दोन वाजले. सव्वादोन.

टिक.

…

टिक.

अडीचला आवाज थांबला. डिस्कही थांबली. ६,२१३.

बारा ओळी. अकरा छापील, शुद्ध, पेपराच्या भाषेतल्या. बारावी नाही. बारावी तिच्या घरातली होती. चुलीपुढची.

मी कुटंबी गेले न्हाई.

अपेक्षा बघत राहिली. मग हुंदका आला तो तिचाच होता की दाराआडचा, हे तिला कळलं नाही. कळीला तिनं परत हात लावला नाही. खुर्ची ओढून मशिनच्या पुढं बसली, दाराकडं पाठ करून, आणि उजाडेपर्यंत उठली नाही. आपण कुणाची तरी राखण करतोय, एवढंच तिला वाटत होतं.

*

सहाला तात्या जाऊन आप्पासाहेबांना घेऊन आले. धोतर, काठी, आंघोळ न करता आलेले. त्यांनी पडदा वाचला आणि खुर्ची चाचपत बसले. आठला ज्योतिबा आला. खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. "झाली का गं तयारी?" म्हणत आत आला, आणि तिघांचे चेहरे बघून उभा राहिला.

"वाचा, आबा," अपेक्षा म्हणाली.

त्यानं वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. अकराव्या ओळीशी थांबला. बारावी वाचली की नाही, कळलं नाही. तो खालीच बसला.

"फोन कुणाचा आला होता?" तिनं आप्पासाहेबांना विचारलं.

"ते जाऊ दे."

"कुणाचा?"

"काम ज्यांच्याकडं होतं त्यांचा," आप्पासाहेब म्हणाले. "अगं, तीनशे माणसं होती त्या कामावर. मेलेलं नोंदलं असतं तर चौकशी लागली असती, काम बंद. काम बंद म्हणजे धान्य बंद. त्या साली काय होतं तुला माहीत नाही. पोरगी पळाली, असं त्यांनी सांगितलं. मी मान्य केलं. हौसेनं नाही केलं."

"बरं. ते तेव्हाचं. पुढच्या साली पाऊस पडला. तलाव झाला, पाणी आलं. मग का नाही छापलंत? पंचाहत्तरला? ऐंशीला?"

आप्पासाहेब काठीची मूठ बघत राहिले.

"आणि तुम्ही," ती तात्यांकडं वळली. "ओळखीचा जुळारी म्हणे."

"तुला हितं आनली ती म्हनूनच," तात्या पुटपुटले. "दुसरं काय करनार हुतो म्या, पोरी?"

"सांगणार होता. दुसरं काय!"

ज्योतिबा जमिनीकडं बघून बोलू लागला. "मला पंधरावं हुतं. सगळी मोठी मानसं म्हनली, गप बस. तुजा आजा सुदीक. आईला सांगू नका म्हनला, तीबी भरावावर जाऊन बसंल आन् परत यायची न्हाई. म्हनून तिला सांगितलं, पळाली. मी गप बसलो. मग गप बसायची सवंच लागली."

"तुम्ही मला वर्षभर घरात कोंडलंत, आबा. आत्याच्या वाटेनं जाईन म्हणून." ती त्याच्यासमोर उभी राहिली. "आत्याची वाट तुम्हाला ठाऊक होती."

बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली.

मग आप्पासाहेबांनी घसा साफ केला, मालक झाले. "हे बघ. हे कसं आलं, मला माहीत नाही. मशिनचा दोष असेल. पण छापलं गेलं नाही ते 'पहाटवारा'चं नाही. दसऱ्याला हे अख्ख्या जगात दिसणार. पूस ते. पुसायचं नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस."

"छापलं गेलं नाही," अपेक्षा म्हणाली आणि गठ्ठा त्यांच्यापुढं आपटला. "ही जागा बघा. तुमच्याच हातची."

सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. ते कोऱ्या जागेवर पडलं, आणि ती कागदावर वाकली.

रात्री ती जागा गुळगुळीत होती. आता नव्हती. शाईचा ठिपका नाही, रंग नाही. पण कागदात बारीक खड्डे होते. ओळींनी. खिळ्यांचा दाब.

"म्या मोडलं हुतं," तात्या म्हणाले. "मशिनवर जायच्या आदी पानातनं काढलं हुतं. ह्ये… ह्ये उमटंलच कसं?"

कुणी पुढं होईना. अपेक्षानं बापाचा हात धरून कागदावर ठेवला. घोंगडी विणून राठ झालेला अंगठा कोऱ्या जागेवरून सरकू लागला. वरची ओळ. पुढची. त्याच्या पुढची. अकराव्या ओळीवर तो अडखळला, पुढं गेला, आणि शेवटच्या ओळीच्या सुरुवातीलाच थांबला. उचलला गेला नाही. दाबूनच राहिला.

"म्हातारीनं आजवर दाराला कडी लावली न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "त्या आशंवर हाय ती. पूस, पोरी. तिच्यासाटी पूस."

हा एकच घाव तिच्या वर्मी लागला. तिच्या डोळ्यांपुढं ते दार आलं, अर्धं उघडं, बाहेर अंधार. आजी आत, शिव्या देत, कान बाहेर. सव्वीस वर्षं. आणि आज म्हाळाची पानं, एक कमी.

अपेक्षानं मशिनकडं बघितलं. आकडा तसाच होता. ती या कचेरीत नेहमी छापील मराठी बोले; हिवरकड्याची बोली तिनं एसटीतच सोडून दिली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "मोडनार न्हाई. उभं ऱ्हाईल ते. आन् आज तिचं पान मी वाढनार, आजीच्या म्होरं."

आप्पासाहेबांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी ज्योतिबाकडं. ज्योतिबाचा अंगठा कागदावरच होता.

अपेक्षानं बापाची पिशवी उचलली आणि ती दाराकडं निघाली.